अमेरिकेत लिलावातलं घर किंवा टॅक्स लीन घेऊन खरंच पैसे सुटतात का?

तुम्ही पुण्यातून विचारलंय की यूट्यूबवर एक जण सांगतोय, अमेरिकेत बँकेने जप्त केलेली घरं लिलावात निम्म्या किमतीत मिळतात आणि टॅक्स लीनवर सरकारी हमीचं १८ टक्के व्याज मिळतं, तर हे खरं का आणि पुण्यात बसून करता येईल का. मी न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीत राहतो, आयटीतली नोकरी सांभाळून चार-पाच वर्षं हा उद्योग थोडा थोडा केलाय, म्हणून लिहितोय. तो माणूस खोटं बोलत नाहीये, फक्त अर्धंच सांगतोय.

आधी टॅक्स लीन म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगतो. इथे घरपट्टी भरपूर असते, आमच्या भागात साध्या घराला वर्षाला १० हजार डॉलर अगदी कॉमन आहे, आणि शाळा, पोलीस, रस्ते सगळं त्यावरच चालतं, त्यामुळे एखाद्याने ती थकवली तर टाउनला थांबून चालत नाही. मग टाउन काय करतं, लिलाव करून ती थकबाकी तुमच्याकडून भरून घेतं आणि तुम्हाला एक सर्टिफिकेट देतं, म्हणजे सातबाऱ्यावर बोजा चढतो ना तसा त्या घरावर तुमचा बोजा चढतो, आणि हा बोजा बँकेच्या कर्जाच्याही आधी येतो. मालकाने पैसे भरले की टाउन तुमचे पैसे व्याजासकट परत देतं. पुणे महापालिका थकबाकीदाराची मिळकत सील करते, लिलावाची नोटीस लावते, पण ती थकबाकी तुम्हाआम्हाला व्याजावर विकत नाही, म्हणून आपल्याला हे जरा विचित्र वाटतं.

आता ते १८ टक्के. न्यू जर्सीत १८ ही सुरुवात असते, तिथून बोली खाली जाते, सगळ्यात कमी व्याज मागेल त्याला सर्टिफिकेट. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा टाउनच्या मीटिंग हॉलमध्ये लोखंडी खुर्च्यांवर वीस-बावीस जण बसले होते, निम्म्यांच्या मांडीवर लॅपटॉप, टॅक्स कलेक्टर बाई ब्लॉक नंबर, लॉट नंबर आणि रक्कम वाचणार आणि पुढच्या तीन सेकंदांत कोणीतरी "झीरो" म्हणणार. मी अजून यादीत तो लॉट शोधतोय तोवर ते झीरोच्याही पुढे गेलेले असायचे! झीरोच्या पुढे प्रीमियम सुरू होतो, म्हणजे व्याज नकोच, उलट टाउनला वरून इतके हजार देतो. हे वेडे नसतात, मोठ्या गुंतवणूक फंडांचे लोक असतात. त्यांचा हिशोब असा की एकदा सर्टिफिकेट हातात आलं की मालकाची पुढची थकलेली घरपट्टीसुद्धा तुम्हाला भरता येते आणि त्या रकमेवर १८ टक्क्यांपर्यंत व्याज लागतं, मूळ बोली शून्य असली तरी. त्यांच्याकडे शेकडो सर्टिफिकेटं असतात, दोन-चार बुडाली तरी चालतं. आपल्यासारख्याचं तसं नसतं.

माझाच हिशोब देतो. एक सर्टिफिकेट ५,६०० डॉलरचं, बोली शून्य टक्के, वर ३,००० प्रीमियम. सात महिन्यांनी बँकेने मालकाच्या वतीने पैसे भरले (बहुतेक वेळा बँकच भरते, नाहीतर तिचं कर्ज मागे पडतं ना). मला मूळ रक्कम मिळाली, प्रीमियम बिनव्याजी परत मिळाला, आणि ५ हजारांच्या वरच्या सर्टिफिकेटला ४ टक्के दंड असतो तो मिळाला, २२४ डॉलर. ८,६०० डॉलर सात महिने अडकवून २२४! तेवढे सेव्हिंग अकाउंटमध्ये पडून मिळाले असते आणि सकाळी सुट्टी टाकून त्या खुर्चीवर बसावं लागलं नसतं. बायको अजून ऐकवते. आणि हो, पाच वर्षांत मालकाने सोडवलंच नाही तर प्रीमियम टाउनच ठेवून घेतं, हे तो यूट्यूबवाला सांगत नाही.

"पैसे नाही भरले तर घर आपलं" हे पण ऐकलं असेलच. दोन वर्षं थांबून कोर्टात जाता येतं हे खरंय. पण २०२३ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने टायलर विरुद्ध हेनेपिन काउंटी या केसमध्ये एकमताने निकाल दिला, तो वाचाच. मिनियापोलिसच्या ९४ वर्षांच्या जेराल्डिन टायलर यांची २,३०० डॉलर घरपट्टी थकली होती, दंड-व्याज धरून १५ हजार झाले, काउंटीने त्यांचा फ्लॅट ४० हजारांना विकला आणि वरचे २५ हजारही स्वतःकडेच ठेवले. कोर्ट म्हणालं, देणं वसूल करा, वरचे पैसे मालकाचे. त्यानंतर न्यू जर्सीनेही २०२४ मध्ये कायदा बदलला, म्हणजे दहा हजाराच्या थकबाकीवर चार लाखांचं घर खिशात टाकायचे दिवस गेले. मला विचाराल तर बरं झालं, कारण अशा घरात बहुतेक एखादी म्हातारी बाई नाहीतर आजारी माणूस असतो, हे यादीत दिसत नाही पण दारावर गेलं की दिसतं.

बाकी राज्यांचे नियम वेगवेगळे, फ्लोरिडातही १८ वरून खाली बोली आणि बरंचसं ऑनलाइन, ॲरिझोनात १६ पासून, आयोवात महिन्याला २ टक्के, टेक्सासमध्ये तर लीन नाहीच, थेट घराचा लिलाव आणि मालकाला ठरावीक मुदतीत २५ टक्के जास्त देऊन घर परत घ्यायचा हक्क. एका राज्याचं ज्ञान दुसऱ्यात चालत नाही.

आता जप्त घरांचा लिलाव, याला इथे शेरीफ सेल म्हणतात. यातला सगळ्यात मोठा खड्डा मी अगदी काठावरून पाहिलाय. यादीत एक कॉन्डो, म्हणजे सोसायटीतला फ्लॅट होता, अंदाजे १४ हजार डॉलर देणं, बाजारभाव अडीच लाखाच्या आसपास. माझी झोप उडाली. रात्री बारा वाजता कोर्टाचे कागद काढले तर जप्ती आणणारी बँक नव्हतीच, सोसायटी होती, मेंटेनन्स थकला म्हणून. बँकेचं पहिलं कर्ज, १ लाख ९० हजाराचं, जसंच्या तसं उभं. म्हणजे मी १४ हजारात घर घेतलं असतं आणि वर ते कर्जही माझ्याच गळ्यात. त्या दिवशी कोणीतरी तो घेतलाच, हसत हसत सही करून गेला. तेव्हापासून मी आधी वादी कोण ते बघतो, किंमत नंतर. बँक जरी असली तरी पहिलं कर्ज आहे का दुसरं ते बघायचं, आणि फेडरल टॅक्सचा बोजा असेल तर आयआरएसला, म्हणजे इथल्या केंद्रीय टॅक्स खात्याला, लिलावानंतर १२० दिवस ते घर सोडवून घ्यायचा हक्क असतो.

पैशाचं गणित पण कडक. जागेवर २० टक्के द्यायचे, बाकीचे ठरलेल्या मुदतीत, नाही जमलं तर ते २० टक्के जाऊ शकतात. होम लोनवर भरवसा ठेवू नका कारण घर आतून बघताच येत नाही, बँकेचा माणूस व्हॅल्युएशन कसलं करणार. आपल्याकडे सरफेसीच्या, म्हणजे बँकांच्या थकीत कर्जवसुलीच्या कायद्याखालच्या, लिलावात निदान बऱ्याचदा ताबा बँकेकडे असतो आणि घर दाखवायचा दिवस ठरलेला असतो, इथे तेही नाही, फुटपाथवरून बघायचं. माझ्या एका मित्राने २ लाख ४० हजाराला घेतलं, ४८ हजार जागच्या जागी दिले, आणि मार्चमध्ये कुलूप तोडून आत गेलो तर वरच्या बाथरूमचा पाइप हिवाळ्यात गोठून फुटलेला, हॉलचं छत खाली सोफ्यावर पडलेलं, कार्पेटवर चाललं की चपक चपक आवाज आणि भिंतीवर कंबरेपर्यंत काळी बुरशी. हीटिंग बंद होतं ना, बिल कोण भरणार. ते घर उभं करायला जे लागलं त्यात त्याची निम्म्या किमतीची मजा संपली. आत भाडेकरू असता तर अजून वेगळं, न्यू जर्सीत घर जप्त झालं म्हणून भाडेकरूला काढता येत नाही.

शिवाय तारखा. मालक आणि बँक दोघांना लिलाव पुढे ढकलता येतो, लिलाव झाल्यावरही दहा दिवस मालक पैसे भरून घर वाचवू शकतो. मी एकाच घरासाठी तीनदा बँकेचा चेक बनवून घेतला, तिन्ही वेळा नुसता परत आलो.

तुमच्यापुरतं सांगायचं तर एलआरएसखाली, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशात पैसे पाठवायच्या योजनेखाली, वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, म्हणजे कायद्याने वाट आहे. पण कागद तपासायला वकील, घर बघायला माणूस, घरपट्टी भरायला अजून कोणी, आणि दोन्ही देशांत टॅक्सचा घोळ, एवढं सगळं लांबून दोन-चार सर्टिफिकेटांसाठी कशाला करायचं. आणि कोणी पाच-सात हजार डॉलर घेऊन "कोर्स" विकत असेल तर लांबच रहा. टाउनची यादी लिलावाआधी जाहीर होते, ती फुकट असते.

माझ्याकडे अजून एक सर्टिफिकेट पडलंय. नकाशा न बघता घेतलं होतं, स्वस्त वाटलं म्हणून. नंतर जाऊन बघितलं तर दोन गॅरेजच्या मधली सहा फूट रुंद पट्टी, त्यात एक जुनी सायकल. मालक सोडवायला येत नाही, आणि कोर्टात जायचा वकिलाचा खर्च त्या पट्टीपेक्षा जास्त आहे.