भाडं, बिल्टी आणि ओले बॉक्स : वाचकांचे प्रश्न

मिरजेत ट्रान्सपोर्टच्या बुकिंग ऑफिसात मी सव्वीस वर्षं बिल्ट्या, म्हंजे माल बुक केल्याच्या पावत्या, फाडल्या, आता घरी बसून तुमच्या प्रश्नांची उत्तरं देतो. यावेळी बरेच प्रश्न लांबच्या भाड्याचे आलेत, दिल्लीचे आणि गुवाहाटीचे. त्यातले पाच घेतलेत.

प्रश्न : काका नमस्कार. तासगावातून दिल्लीला बेदाणा पाठवला, १५ किलोचे २०० बॉक्स. बिल १८० रुपये किलोनं केलं होतं. एका ट्रान्सपोर्टनं साडेसहा रुपये किलो भाडं सांगितलं, दुसऱ्यानं पाच. आम्ही पाचवाल्याला दिला. माल अकराव्या दिवशी पोचला, ३१ बॉक्स भिजलेले आणि ४ बॉक्स गायबच. आता तो म्हणतो बिल्टीवर ओनर्स रिस्क (जोखीम मालवाल्याची) छापलंय, मी काही देणं लागत नाही. हे खरंय का?

उत्तर : नाही, एवढं सोपं नाहीये ते त्याच्यासाठी. ओनर्स रिस्कचा शिक्का मारला की हात झटकता येतात अशी आपल्या लाइनीत पिढ्यानपिढ्या समजूत आहे, मी पण तरुणपणी पार्टीला, म्हंजे गिऱ्हाइकाला, हेच ऐकवायचो, खोटं कशाला बोलू. पण सुप्रीम कोर्टानं २००० सालीच सांगून ठेवलंय की ओनर्स रिस्कवर माल घेतला तरी निष्काळजीपणाची जबाबदारी ट्रान्सपोर्टवाल्याची राहते. आता तर २००७ चा कॅरेज बाय रोड कायदा आहे, २०११ पासून लागू झालाय, त्याआधी आपण चक्क १८६५ च्या इंग्रजांच्या कायद्यावर चाललो होतो. आणि नव्यातली कामाची गोष्ट म्हणजे माल खराब झाला किंवा पोचलाच नाही तर त्याचा निष्काळजीपणा तुम्ही सिद्ध करत बसायची गरज नाही. पूर, भूकंप, दंगल, सरकारी जप्ती असलं काही घडलं असेल तर ते त्यानं दाखवायचं. पावसात ताडपत्री फाटकी होती हे काय दैवी संकट नव्हे.

पण आता दुसरी बाजू ऐका, ती कुणी सांगत नाही. बुकिंग करताना तुम्ही मालाची किंमत लिहून जोखमीपोटी जास्तीचा रिस्क रेट भरला नसेल तर त्याची जबाबदारी भाड्याच्या दहापटीवर थांबते. तुमचा हिशोब करू. ३ टन, पाच रुपयानं १५,००० भाडं, त्याची दहापट दीड लाख. तुमचं नुकसान ३५ बॉक्स म्हणजे ५२५ किलो, १८० नं ९४,५०० होतात, ते त्यात बसतं, आणि भिजलेल्यातला काही बेदाणा वाळवून कमी भावानं गेला असेल तर तेवढं वजा होईल. पण हीच गाडी मध्य प्रदेशातल्या बिजासन घाटात उलटली असती तर माल ५ लाख ४० हजारांचा आणि मिळणार जास्तीत जास्त दीड लाख. भाडं जेवढं कमी तेवढी ही दहापट पण कमी, हे दीड रुपया वाचवताना कुणाच्या डोक्यात येत नाही.

लगेच करायचं ते म्हणजे लेखी नोटीस. बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत ती गेली पाहिजे, नाहीतर नंतर कोर्टात दावाच उभा राहत नाही. फोनवर 'बघतो, सेटल करतो, पुढच्या भाड्यात कापून घ्या' असं गोड बोलत बोलत पाच महिने काढतात, ही जुनी युक्ती आहे, माझ्या डोळ्यांसमोर पार्ट्यांचे पैसे असेच बुडाले. स्पीड पोस्टानं पाठवा, पोचपावती जपून ठेवा.

आणि एक विचारतो, दिल्लीतल्या तुमच्या व्यापाऱ्यानं डिलिव्हरी घेताना कागदावर काय लिहिलंय? नुसती सही ठोकली असेल तर काम अवघड होतं, कारण मग माल नीट मिळाला असाच त्याचा अर्थ निघतो. सहीच्या वर '३१ बॉक्स ओले, ४ कमी' असं लिहून, गाडी नंबरसकट फोटो काढून, मग सही. हमाल मागं उभे असतात, ड्रायव्हरला पुढचं भाडं गाठायचं असतं, सगळे घाई करतात, करू द्यात.

इन्शुरन्स काढला होता का ते तुम्ही लिहिलेलं नाही म्हणजे नसावाच. रस्त्यानं जाणाऱ्या मालाची पॉलिसी पण मरीनच्याच खात्यात येते, नाव ऐकून लोक म्हणतात आमचा माल काय बोटीनं जातोय का. घेताना ए, बी, सी यातलं कुठलं कलम आहे ते विचारा. सी मध्ये फक्त आग आणि वीज, बी मध्ये त्यात गाडी उलटणं, धडकणं, पूल मोडणं एवढं वाढतं, म्हंजे तुमचा पावसाचा बेदाणा बी मध्ये पण बसला नसता. ए घ्या. आणि इन्शुरन्सवाले क्लेमच्या वेळी पहिला प्रश्न हाच करतात की ट्रान्सपोर्टला वेळेत नोटीस दिली का, त्यामुळं ती नोटीस कशीही सुटत नाही.

प्रश्न : इचलकरंजीहून गुवाहाटीला कापड पाठवलं, पोर्टलनं अंतर २७६० किलोमीटर दाखवलं आणि ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) १४ दिवसांचं निघालं. संबलपूरच्या पुढं गाडीचा गिअरबॉक्स गेला, पाच दिवस तिथंच. पुढं सिलीगुडीला गाडी अडवली, म्हणे बिलाची मुदत परवाच संपलीय. यात चूक कुणाची, माझी का ट्रान्सपोर्टची?

उत्तर : मुदत वाढवायचं काम ज्याच्या गाडीत माल आहे त्या ट्रान्सपोर्टवाल्याचं. पण अडकलेला माल तुमचा, त्यामुळं चूक कुणाची यापेक्षा लक्ष कुणी ठेवायचं हा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर दोघांनी.

साध्या मालाला २०० किलोमीटरला एक दिवस धरतात, २०२१ च्या आधी १०० ला एक दिवस मिळायचा तेव्हा हाच प्रवास २८ दिवसांत बसायचा, आता निम्म्यात. गाडी धडधाकट असेल तर २०० काही अवघड नाही, पण इचलकरंजी ते गुवाहाटी म्हणजे अर्धा देश ओलांडायचा, रायपूर, संबलपूर, खडगपूर, मग बंगालमधून वर फराक्का, आणि शेवटी सिलीगुडीचा तो वीस-बावीस किलोमीटरचा चिंचोळा पट्टा जिथून ईशान्येकडची झाडून सगळी गाडी जाते. एक गिअरबॉक्स पुरतो गणित बिघडवायला. मुदत संपायच्या आठ तास आधीपासून संपल्यानंतर आठ तासांपर्यंत ती वाढवता येते, कारण लिहायचं, गाडी कुठंय ते लिहायचं, झालं. आठ तास उलटले की खेळ खल्लास. दुसरी गाडी लावून माल फिरवला असता तर ई-वे बिलाच्या पार्ट बी मध्ये, म्हंजे गाडीच्या माहितीच्या भागात, नवा गाडी नंबर टाकावा लागला असता, तेही ड्रायव्हर लोक सर्रास विसरतात.

दंड कराच्या रकमेच्या दुप्पट सांगितला असेल, १ जानेवारी २०२२ पासून तसंच आहे. पण लगेच भरून मोकळे होऊ नका. मुदत संपली म्हणजे कर चुकवायचाच होता असं आपोआप ठरत नाही. हैदराबादला मोर्चामुळं रस्ता बंद होता म्हणून कागदाचा माल वेळेत पोचला नाही, बिलाची मुदत गेली, अधिकाऱ्यानं दंड घेतला, तर ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०२२ मध्ये कोर्टानं उलट अधिकाऱ्यालाच खर्च द्यायला लावला, हायकोर्टाचे १०,००० होते त्यात अजून ५९,००० घातले. तुमच्याकडं गिअरबॉक्सचं गॅरेजबिल, टोलची फास्टॅगची नोंद, उभ्या गाडीचे फोटो असतील ना? नोटिशीला उत्तर देताना ते सगळं जोडा आणि तुमच्या कर सल्लागाराला आजच फोन करा, या प्रकरणात दिवस मोजलेले असतात.

आणि पुढच्या वेळी बाराव्या दिवसाचा अलार्म मोबाईलला लावा.

प्रश्न : सांगली ते दिल्लीचं भाडं दर आठवड्याला बदलतं, आणि दिल्लीहून येताना तेच भाडं वेगळंच. लुटतात का?

उत्तर : थोडं लुटतात, पण बरंचसं रिटर्न लोडचं गणित असतं. गाडी दिल्लीला नुसती सोडायची नसते, तिथून भरून परत आणायची असते. साडेसोळाशे किलोमीटरचं डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता रिकाम्या हौद्यावर कुणी घालत नाही, त्यामुळं तिकडून माल मिळण्याची खात्री असली की इथलं भाडं उतरतं. दिल्लीच्या संजय गांधी ट्रान्सपोर्टनगरला चार दिवस गाड्या लोडच्या वाटेवर उभ्या आहेत अशी बातमी आली की इथं लगेच चढतं. द्राक्षाच्या सीझनला, मार्चअखेर कंपन्या माल ढकलतात तेव्हा, आणि दिवाळी-छठला ड्रायव्हर गावाला पळतात तेव्हा भाव विचारूच नका. थंडीत दिल्लीत धूर वाढला की गाड्यांवर निर्बंध येतात ते वेगळंच.

फक्त रेट ऐकताना त्यात काय धरलंय ते विचारत चला. वाराई, म्हंजे गाडीत माल लावण्या-काढण्याची मजुरी, कुणाची, हमाली दोन्हीकडची का एकीकडची, बिल्टी चार्ज वेगळा का, गोडाऊन डिलिव्हरी का दारात. दिल्लीत दिवसा मोठ्या गाडीला बऱ्याच रस्त्यांवर नो एंट्री असते, मग गोडाऊनपासून दुकानापर्यंत छोटा टेम्पो, त्याचे पैसे डिलिव्हरीच्या दिवशी निघतात. पाच रुपयाचा रेट साडेसहाच्या पुढं जातो तो असा. माल हलका आणि मोठा असेल, म्हंजे फोम, प्लॅस्टिकचे टब असलं काही, तर काट्यावरचं वजन धरत नाहीत, मापावर लावतात, घनफुटाला कुणी ८ किलो धरतं कुणी १०, तेही आधी ठरवा.

प्रश्न : काका, मुलाची बदली गुवाहाटीला झालीय, पुण्यातून घरचं सामान आणि बाइक पाठवायची आहे. ऑनलाइन बघून एकानं ४८,००० सांगितले. मैत्रिणीच्या बाबतीत सामान गाडीत चढल्यावर वीस हजार वाढवून मागितले होते म्हणून भीती वाटते. ई-वे बिल लागतं का?

उत्तर : ताई, वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. तरी सामानाची नंबर टाकलेली यादी आणि 'घरचं वापरलेलं सामान, विक्रीसाठी नाही' असं सही केलेलं पत्र ड्रायव्हरकडं द्या, रस्त्यात विचारलं तर त्याला दाखवायला काहीतरी हवं.

मैत्रिणीचं झालं ते फार चालतं. फोनवर बोलणारा वेगळा, सामान उचलायला आलेला वेगळा, गाडी तिसऱ्याचीच, आणि बिल्टी कुणाचीच नाही. म्हणून ४८,००० हा आकडा बाजूला ठेवा आणि त्याला विचारा की बिल्टी कुणाच्या नावानं फाटणार. ट्रान्सपोर्टचा धंदा करायला कायद्यानं रजिस्ट्रेशन लागतं, त्याचा नंबर मागा, जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून नाव जुळतंय का बघा, गाडी आली की एम-परिवहन या सरकारी ॲपवर तिचा नंबर टाका. माणसानं घरी येऊन सामान बघितल्याशिवाय दिलेला रेट हा रेटच नव्हे. पूर्ण पैसे आधी देऊ नका, काही रक्कम पोचल्यावरच, आणि हे बिल्टीवर लिहून घ्या.

एका घराचं सामान मोठी गाडी भरत नाही, म्हंजे ते पार्ट लोडनं जाणार, आणि बहुतेक वेळा कोलकात्याला उतरवून दुसऱ्या गाडीत चढणार. म्हणून पंधरा दिवस धरून चला, आणि पॅकिंग दोनदा आपटायच्या हिशोबानं करा. फ्रिज उभाच. बाइकचं पेट्रोल काढून टाका, आरसी आणि इन्शुरन्सच्या झेरॉक्स द्या, ओरिजिनल मुलाकडं. गॅस सिलिंडर अजिबात नाही, एजन्सीत जमा करून ट्रान्सफरचा कागद घ्या. इन्व्हर्टरची बॅटरी इथंच विका, ॲसिड सांडलं की शेजारच्या गाद्यांचं वाटोळं. दागिने आणि कागदपत्रं मुलाच्या बॅगेत, हे सांगायला नको, तरी दर वर्षी कुणीतरी कपाटाच्या लॉकरमध्ये विसरतंच.

प्रश्न : मिरजेत तानपुरा बनवून घेतलाय, दिल्लीला क्लाससाठी पाठवायचाय. ट्रकनं जाईल का नीट?

उत्तर : आमच्या गावचा प्रश्न आला, बरं वाटलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हापासून बाहेरून विचारणा वाढलीय असं कारागीर मंडळी सांगतात. जाईल नीट, पण नुसत्या कव्हरमध्ये देऊ नका. तारा सैल करा, घोडी वेगळी गुंडाळा, भोपळ्याभोवती चारी बाजूनं फोम, आणि सगळं लाकडी खोक्यात ठोकून. कारागिराला सांगितलं तर तोच करून देतो, त्याचे जास्तीचे पैसे खुशाल द्या. बिल्टीवर किंमत पूर्ण लिहा आणि रिस्क रेट भरा, एका खोक्याचं भाडं ते किती, त्याची दहापट करून भोपळापण यायचा नाही. बुकिंगवाल्याला सांगून खोकं गाडीच्या मागच्या फाळक्याजवळ किंवा सगळ्यात वर ठेवायला लावा. आणि खोक्यावर 'ऊपर कुछ मत रखना' असं जाड मार्करनं हिंदीतच लिहा, उतरवणारा हमाल तिकडचा असणार.