डेड्झाला निघण्याआधी

लाडक्या विद्यार्थिनीस सप्रेम आशीर्वाद,

आफ्रिकेतल्या मलावीत, डेड्झा जिल्ह्यात वर्षभर काम करायचं तू नक्की केलंस. तिथल्या आरोग्य केंद्रात पोट दिसू लागलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी तुला फार लवकर भेटेल. २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते १९ वयाच्या २९ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. तिच्याशी बोलताना एवढं धरून ठेव: ती अजून लहान आहे. दिवस गेले म्हणून ती बाई होत नाही, आणि तिला सांभाळण्याची मोठ्यांची जबाबदारीही संपत नाही.

गावाला मात्र निकाल लावायची घाई असते. दोन्हीकडचे अंखोस्वे, म्हणजे बोलणी करणारे वडीलधारे, बहुधा मामा, एकत्र बसतात. लग्न नाहीतर भरपाई ठरते. मुलीला कोणी विचारत नाही. याला नुसता दुष्टपणा म्हणून मोकळी होऊ नकोस. जानेवारी-फेब्रुवारीत घरातला मका संपलेला असतो आणि नवा अजून शेतात उभा असतो. तेव्हा माणसं काय काय मान्य करतात! बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांत, मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायचं या धास्तीनं लग्नं उरकली जातात, हे तुला माहीत आहेच.

मलावीतला कायदा तुझ्या बाजूचा आहे. २०१५च्या कायद्यानं लग्नाचं वय १८ केलं. राज्यघटनेत आईबापांच्या संमतीनं पंधराव्या वर्षी लग्नाची वाट उरली होती, ती २०१७मध्ये बंद झाली. पण रिवाजानं लागलेलं लग्न मोडायला रिवाजातलाच अधिकार लागतो. डेड्झातल्याच वरिष्ठ प्रमुख थेरेसा काचिंदामोटो यांनी शेकडो बालविवाह रद्द करून मुलींना शाळेत परत पाठवलं, आणि अशा लग्नांना मान डोलावणाऱ्या हाताखालच्या गावप्रमुखांना पदावरून काढलं. त्यामुळे गावात काम सुरू करण्याआधी प्रमुखांना भेट, मामांना भेट. त्यांना वगळून केलेलं काम तुझी पाठ वळताच उलटेल.

मुलगी समोर आली की आधी तिची तब्येत बघ. कोवळ्या वयात रक्त कमी असणं, रक्तदाब चढून झटके येणं, बाळ अडणं, हे धोके मोठे. एचआयव्हीची तपासणी पहिल्याच भेटीत व्हायला हवी, आणि मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या चौथ्या महिन्यापासून. गरोदर बाईला एचआयव्ही आढळला की लगेच आजन्म उपचार सुरू करण्याचं धोरण २०११मध्ये मलावीनंच सर्वांआधी आणलं. तरीही काही ठिकाणी ‘नवऱ्याला घेऊन ये’ म्हणून सांगतात, आणि जिला नवराच नाही ती परत येत नाही. अशी मुलगी दारातून माघारी जाऊ देऊ नकोस. नर्सबाईंशी आदरानं बोल, पण हटू नकोस.

मग तो कोण, हा प्रश्न. एकटीला विचार, आई-मामांसमोर नको. ‘कोणाला सांगणार नाही’ असा शब्द मात्र कधी देऊ नकोस, तो तुला पाळता येणार नाही. ती बोलण्याआधीच पुढे काय होईल ते सांग: ‘पोलिसांत पीडितांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे तुझ्यासोबत मी येईन.’ आपल्याकडे पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, भीतीनं किती घरं मुलीला दवाखान्यातच आणत नाहीत! तिथेही ही भीती असणार. अत्याचार नुकताच झाला असेल तर बाकी चौकशी मागे ठेव. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात.

फोटो काढू नकोस. संस्थेच्या अहवालासाठीसुद्धा नाही.

आणि शाळा. माझा जीव सगळ्यात जास्त इथेच अडकतो. बाळंतपणानंतर मुलीला पुन्हा वर्गात घेण्याचं धोरण तिथे १९९३पासून आहे, पण अनेक घरांना ते ठाऊक नसतं. ठाऊक असलं तरी बाळ कोण सांभाळणार, वह्या-गणवेश कोण घेणार, वर्गातली पोरं चिडवतील त्याचं काय? याची उत्तरं घरात शोधावी लागतात, बहुतेकदा आजीजवळ. शाळांशी जोडलेले आयांचे गट आहेत, ‘मदर ग्रुप’ म्हणतात त्यांना. त्या बायका घरोघरी जाऊन मुलींना परत आणतात. पोहोचल्यावर त्यांच्यासोबत हिंड, गेल्या वर्षी कोण परतली आणि कोण नाही ते विचार, आणि जी नाही परतली तिच्या घरी आधी जा. मग मला सविस्तर लिही.

तुझी,
बाई