निवाऱ्याचे पाय कोरडे राहू देत

प्रश्न : ताई, गोव्याच्या सत्तरी तालुक्यात म्हादई अभयारण्याच्या हद्दीच्या अलीकडे आमचं कुळागर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग आहे. त्याच्या वरच्या अंगाने डोंगराकडे पायवाट जाते. पावसात पदभ्रमणाला आलेली मुलं भिजून आमच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत आसरा घेतात. त्यांच्यासाठी आठ-दहा जण बसतील एवढा लाकडी निवारा आमच्याच जागेत बांधायचा आहे. रानाला उपद्रव नको आणि तो टिकायलाही हवा. लाकूड कुठलं घ्यावं? खांब सिमेंटमध्ये पुरावेत का?
– एक वाचक, वाळपई

उत्तर : खांब पुरू नका, सिमेंटमध्ये तर नकोच. लाकूड सुकताना आक्रसतं, सिमेंट आपल्या जागी राहतं. मधल्या फटीत पाणी उतरतं आणि खांब वाटीत उभा केल्यासारखा पावसाळाभर भिजत राहतो. सगळ्यात आधी कुजतो तो जमिनीलगतचा वीतभर भाग, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथेच मिळतात. वर लाकूड ठणठणीत असतं आणि खांब मात्र मोडतो.

प्रत्येक खांबाखाली चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) दीड फूट उंच चौथरा घ्या. चिरा पाणी शोषतो, म्हणून त्यावर काळ्या दगडाची लादी बसवा. लादीतून वर आलेल्या स्टेनलेस स्टीलच्या सळीवर खांब उभा करा आणि बुंधा लादीपासून बोटभर वर ठेवा. वाळवीला वर चढायचं तर चौथऱ्यावर मातीची नळी करावीच लागते. ती उघड्यावर दिसते, झाडूने खरवडून टाकता येते. पुरलेल्या खांबात ती आतून चढते आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

लाकडाबद्दल माझं मत ठाम आहे : नवं झाड तोडू नका. खासगी जागेतलं झाड पाडायलाही १९८४च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, पण माझं कारण त्यापलीकडचं आहे. गोव्यात जुनी कौलारू घरं भराभर उतरवली जात आहेत. त्यांतले साग, माट्टी (ऐन), किंदळ (किंजळ) आणि जांभा या झाडांचे वासे आणि तुळया विकायला येतात. हे लाकूड वर्षानुवर्षं सुकलेलं असतं, आता ते पिळवटत नाही. माट्टी आपला राज्यवृक्ष आहे. आठ माणसांच्या आडोशासाठी उभी माट्टी आडवी होऊ नये असं मला मनापासून वाटतं. घेताना प्रत्येक नग ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर सोडून द्या. गाभ्याभोवतीचा फिकट थर मेस्ताकडून (सुताराकडून) तासून घ्या, किडा तिथूनच लागतो. सागाचा झाला तरी तो थर टिकत नाही. पावती जपून ठेवा, लाकूड वाहून नेताना विचारणा होते.

नगांची मापं पायवाट बघून ठरवा. चार इंच जाडीचा, आठ फूट लांबीचा माट्टीचा खांब वीस-बावीस किलो भरतो, तो एक माणूस डोक्यावरून नेतो. म्हणजे यंत्र आणायला रस्ता कापावा लागत नाही. जोड कुसू-भोकाचे (एका नगाचं टोक दुसऱ्याच्या भोकात बसवलेले) आणि लाकडी खुंटीचे ठेवा. एखादा नग खराब झाला तर गावातला मेस्त तेवढाच काढून बदलू शकतो. माट्टीतल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे साध्या लोखंडी खिळ्याभोवती काळे डाग पडतात आणि खिळाही गंजतो, म्हणून जिथे खिळा टाळता येत नाही तिथे स्टेनलेस वापरा.

आता छप्पर. खरा निवारा तेच आहे, पैसे तिथे घाला. बसायची जागा तीन मीटर बाय चार मीटर पुरे, पण वळचण चारही बाजूंनी मीटरभर बाहेर काढा. असं छप्पर तीस चौरस मीटर जमीन झाकतं. शंभर मिलिमीटर पावसाच्या दिवशी, आणि सत्तरीत तसे दिवस येतातच, त्यावरून तीन हजार लिटर पाणी उतरेल. पागोळ्या पडतात त्या रेषेत चिऱ्याची खडी भरलेला उथळ चर काढा, नाहीतर चिखल उडून चौथरे आणि खांब भिजतील. चराचं पाणी उताराला एकाच जागी सोडू नका, माती खणली जाते.

मंगळुरी कौलं घ्या, तीही जुन्या घरांची मिळतात. उतार तीस अंशांपेक्षा कमी नको. साधारण पाचशेच्या वर कौलं लागतील, म्हणजे सव्वा टनाच्या आसपास वजन. वासे त्या हिशेबाने घ्या. वानरं कौलं उलथतात. वळचणीच्या दोन ओळी तारेने रिपांना बांधा आणि पन्नासेक कौलं जास्तीची आणून ठेवा.

पावसाळी वारा आपल्याकडे मुख्यतः नैर्ऋत्येकडून येतो, पण दरीत तो वळतो. झाडांच्या बुंध्यांवर शेवाळ कुठल्या बाजूला दाट आहे ते पाहा, वर्षाच्या ओलीची दिशा तिथे समजते. त्या बाजूला फळ्यांची भिंत, समोरची बाजू पूर्ण उघडी. जमीनही फळ्यांचीच, दोन फळ्यांत करंगळी जाईल एवढी फट ठेवून, म्हणजे ओल्या बुटांचं पाणी खाली जातं.

चूल ठेवू नका. मार्च २०२३मध्ये म्हादईच्या डोंगरांवर वणवे पेटले होते, ते तुम्ही जवळून पाहिले असतील. कचऱ्याचा डबाही नको, तो माकडांना बोलावतो. आणलेलं परत न्या अशी पाटी लावा.

बांधण्याआधी जागा खासगी वनात (खासगी मालकीची, पण वन म्हणून ठरलेली जमीन) मोडते का हे वन खात्यात विचारा. मोडत असेल तर १९८०च्या वन कायद्याखाली केंद्राच्या मंजुरीशिवाय तिथे बांधता येणार नाही. नसेल तर पंचायतीची परवानगी आणि जमिनीचा वापर बदलण्याची सनद यांची चौकशी करा. अभयारण्याच्या हद्दीत मात्र एक खुंटीही ठोकू नका.

प्रश्न : लाकडाला गाडीचं जळकं तेल लावलं तर वाळवी लागत नाही म्हणतात. अंगणातल्या बाकांना लावू का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : नका लावू. त्यात जड धातू असतात, पहिल्या पावसात ते मातीत आणि विहिरीकडे जातात. बाक लोकांच्या कपड्यांना लागतो, हे वेगळंच. आपल्याकडे होड्यांना काजूच्या टरफलांचं तेल लावतात, ते बाकाच्या पायांना खालून लावा. कातडीवर पडलं तर फोड येतात, म्हणून हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा आणि पूर्ण सुकल्याशिवाय बाक वापरू नका. बसायच्या फळीला जवसाचं तेल पुरे. ते पुसलेल्या चिंध्या मात्र चोळामोळा करून ठेवू नका, आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून उन्हात पसरून वाळवा.