पदक, शाल आणि श्रीफळ

आखेन (जर्मनी), रविवार

चि. ओवीस अनेक आशीर्वाद.

शाळेबरोबर इथले नगरभवन पाहून आलीस आणि विचारलेस, की इथे मोठ्या नेत्यांच्या गळ्यात पदक घालतात, मग साताऱ्याच्या आजोबांना निवृत्तीच्या सत्कारात शाल आणि नारळ का दिला? मराठी वाचनाचा सराव राहावा म्हणून उत्तर लिहूनच देते.

शाल आपण नुसती हातात ठेवत नाही, खांद्यांवर पांघरतो. त्यात मानाबरोबर मायाही असते. नारळ म्हणजे श्रीफळ, शुभाचे फळ, म्हणून तो शेंडीसकट आणि अखंड देतात. (मात्र 'कामावरून नारळ दिला' असे कोणी म्हणाले, तर अभिनंदन करू नकोस.) पण शाल-श्रीफळ सर्वांना सारखेच मिळते; सत्कार नेमका कशासाठी, हे सांगते ते सर्वांसमोर वाचले जाणारे मानपत्र, आणि मला तरी तेच महत्त्वाचे वाटते.

तू पाहिलेल्या सभागृहात दिला जाणारा शार्लमेन पुरस्कार युरोपच्या ऐक्यासाठी झटणाऱ्यांना मिळतो. तो सरकारने सुरू केलेला नाही. महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या या शहरातले कापडाचे व्यापारी कुर्ट फायफर यांनी १९४९ मध्ये तो सुचवला, १९५० मध्ये पहिला पुरस्कार दिला गेला, आणि आजही पदक महापौरांच्या हस्तेच दिले जाते. आपल्या भाषेत हा नागरी सत्कारच झाला.

१९८८ मध्ये तो पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर (सरकारप्रमुख) हेल्मुट कोल आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा मितराँ यांना मिळून दिला गेला. मितराँ १९४० मध्ये जर्मनांचे युद्धकैदी झाले होते, कोल यांचा थोरला भाऊ त्याच महायुद्धात मारला गेला होता; तरीही १९८४ मध्ये, पहिल्या महायुद्धात दोन्ही देशांचे लाखो सैनिक जिथे पडले त्या व्हर्दूनला, हे दोघे एकमेकांचा हात धरून उभे राहिले. यांचे मानपत्र लिहिणाऱ्याला विशेषणे शोधावी लागली नसती. एवढे सांगितले तरी पुरले असते.

२००२ मध्ये मात्र सत्कारमूर्ती कोणी माणूस नव्हताच. तो मान युरो या चलनाला मिळाला आणि युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्षांनी तो स्वीकारला. आपल्या पद्धतीने सत्कार असता, तर शाल कोणाच्या खांद्यांवर घालायची यावरच आयोजकांची बैठक लांबली असती.

तुझी,
आई