मेलबर्नची सरकारी शाळा: आधी विषय, मग घर, शाळेचं नाव शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी नाशिकला सेमी-इंग्रजी शाळेत नववीत आहे. दहावीनंतर तिला मेलबर्नच्या सरकारी शाळेत घालायचं आहे. तिथे तुमचा मावसभाऊ राहतो, त्याच्याकडे ती राहील. तर सगळ्यात वरच्या रँकची सरकारी शाळा कोणती?

रँकचं नंतर बघू. तुमच्या प्रश्नात त्याहून मोठ्या दोन गोष्टी दडल्या आहेत, 'मावसभाऊ' आणि 'सेमी-इंग्रजी'. शाळेच्या नावापेक्षा त्या दोन गोष्टींनी तुमचं जास्त काही ठरणार आहे.

देश तुम्ही बरोबर निवडला आहे. ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांचा चाइल्ड स्टुडंट व्हिसा फक्त फी घेणाऱ्या खासगी शाळांसाठी मिळतो, सरकारी शाळेसाठी नाही. अमेरिकेत एफ-१ व्हिसावर सरकारी हायस्कूलमध्ये जास्तीत जास्त १२ महिने शिकता येतं, तेही पूर्ण खर्च भरून. म्हणजे तिथे बारावीपर्यंत मुक्काम होत नाही. ऑस्ट्रेलियात मात्र प्रत्येक राज्याचं शिक्षण खातं परदेशी मुलांना सरकारी शाळेत रीतसर घेतं. मेलबर्न व्हिक्टोरिया राज्यात येतं, त्यामुळे अर्ज राज्याच्या शिक्षण खात्याच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यक्रमाकडे जातो, थेट किंवा मान्यताप्राप्त एजंटामार्फत. 'सरकारी' म्हणजे फुकट असं मात्र समजू नका. परदेशी विद्यार्थ्याला वर्षाची पूर्ण फी असते, आणि अकरावी-बारावीची फी खालच्या वर्गांपेक्षा जास्त असते. चालू वर्षाचा तक्ता खात्याच्या संकेतस्थळावरच बघा, एजंटाच्या पत्रकावर विसंबू नका.

तिथले नातेवाईक तुम्हाला एक सल्ला नक्की देतील: "ग्लेन वेव्हर्ली किंवा बॅल्विनच्या झोनमध्ये घर बघा." हा सल्ला त्यांच्या मुलांसाठी खरा आहे. नागरिक आणि कायम रहिवासी असलेल्यांच्या मुलांना पत्त्यावरून शाळा मिळते, म्हणून नावाजलेल्या शाळांच्या झोनमध्ये घरभाडी चढलेली असतात. तुमची मुलगी विद्यार्थी व्हिसावर जाणार. झोनमध्ये राहिल्याने तिला जागेचा हक्क मिळत नाही. त्या वर्गात परदेशी विद्यार्थ्यांसाठी जागा शिल्लक आहे का, एवढंच बघितलं जातं. तेव्हा झोनपायी जास्तीचं भाडं भरू नका.

आता रँक. दर डिसेंबरात बारावीचा निकाल लागला की शाळांच्या याद्या फिरू लागतात. यादीच्या डोक्यावर ज्या सरकारी शाळा दिसतात त्या बहुतेक प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या असतात: मेलबर्न हायस्कूल, मॅक्रॉबर्टसन गर्ल्स, बेरिकची नॉसल आणि वेरिबीची सुझान कोरी. फी भरून येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना त्या परीक्षेला बसता येत नाही, म्हणून ही चार नावं खोडून टाका. उरलेल्या शाळांचा क्रम लागतो तो मध्यम 'स्टडी स्कोअर'वर. हा प्रत्येक विषयाला ५० पैकी मिळणारा आकडा असतो आणि राज्यभराची सरासरी ३०च्या आसपास ठेवलेली असते. एका शाळेचा मध्यम आकडा ३२ आणि दुसरीचा ३४ असला, तर तो फरक पुष्कळदा शिकवण्याचा नसतो. तिथे कोणती मुलं येतात, त्यांच्या घरची परिस्थिती काय, याचा असतो. 'मायस्कूल' या सरकारी संकेतस्थळावर प्रत्येक शाळेचा सामाजिक-शैक्षणिक निर्देशांक दिलेला असतो. त्यात १००० हा देशाचा मध्य. ११०० निर्देशांक असलेल्या शाळेचा ३४ आणि १०००च्या शाळेचा ३२ शेजारी ठेवले, तर माझ्या मते दुसऱ्या शाळेतले शिक्षक जास्त मेहनत घेत असावेत.

खरी निवड विषयांवरून करायची. व्हिक्टोरियाच्या अकरावी-बारावीला व्हीसीई म्हणतात. प्रत्येक विषयाचे चार भाग असतात. पहिला आणि दुसरा साधारण अकरावीत, तिसरा आणि चौथा बारावीत. प्रमाणपत्रासाठी किमान १६ भाग यशस्वीपणे पूर्ण करावे लागतात आणि इंग्रजी सक्तीचं आहे. तिसऱ्या-चौथ्या भागांच्या गुणांवरून 'एटार' नावाचा क्रमांक निघतो. तो जास्तीत जास्त ९९.९५, आणि विद्यापीठ तो बघतं. तुमच्या मुलीला अभियांत्रिकीकडे जायचं असेल तर मॅथेमॅटिकल मेथड्स हवंच, आणि शक्य असेल तर स्पेशलिस्ट मॅथेमॅटिक्स. जनरल मॅथेमॅटिक्स नाव सोपं वाटतं म्हणून घेतलं, तर अभियांत्रिकीचे बहुतेक दरवाजे तिथेच बंद होतात.

लहान शाळांत स्पेशलिस्टला पुरेशी मुलं मिळत नाहीत. मग वर्ग भरत नाही, आणि मुलांना शेजारच्या शाळेत किंवा दूरशिक्षणाने तो विषय करावा लागतो. म्हणून शाळेच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी समन्वयकाला पहिल्याच मेलमध्ये हे विचारा: गेल्या दोन वर्षांत स्पेशलिस्टचा आणि फिजिक्सचा तिसरा-चौथा भाग शाळेतच भरला का, वर्गात किती मुलं होती, आणि मेथड्स, केमिस्ट्री, फिजिक्स एकाच वेळी घेता येतील असं वेळापत्रक बसतं का. विषयांचे गट पाडलेले असतात. एकाच गटातले दोन विषय एकत्र घेता येत नाहीत. या प्रश्नाला नेमकं उत्तर देणारी शाळा यादीत वर घ्या. फक्त रंगीत माहितीपत्रक पाठवणारी खाली ठेवा. डॉक्टरकीचा विचार भारतात परतून करायचा असेल, तर बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि इंग्रजी हे चारही बारावीपर्यंत ठेवा. नीटला ते लागतात, आणि परदेशी बारावीच्या समकक्षतेसाठी असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजचं प्रमाणपत्र मागितलं जातं.

आता सेमी-इंग्रजी. व्हीसीईत इंग्रजीचे दोन रस्ते आहेत. एक नेहमीचं इंग्रजी. दुसरा 'ईएएल', म्हणजे इंग्रजी ज्यांची पहिली भाषा नाही त्यांच्यासाठी. ईएएलचा वाचनसाठा थोडा कमी असतो आणि परीक्षेचा आराखडा निराळा असतो. ईएएल मिळण्याची अट अशी: तिसऱ्या-चौथ्या भागाच्या वर्षाआधी इंग्रजी हे शिक्षणाचं मुख्य माध्यम एकूण सात वर्षांपेक्षा जास्त असता कामा नये, आणि इंग्रजीभाषक देशातलं वास्तव्यही सात वर्षांच्या आत हवं. पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेलं आपलं मूल, घरी कितीही मराठी बोलत असलं तरी, या अटीत बसत नाही. दहा वर्षं इंग्रजी माध्यमातच गेलेली असतात. सेमी-इंग्रजीची गोष्ट वेगळी. तिची गणित-विज्ञानाची इंग्रजी आठवीपासून असेल, तर तीन वर्षं इथली आणि बारावीआधीची दीड वर्षं तिथली, अशी साडेचारच होतात. मात्र हे कागदावर सिद्ध करावं लागतं. मुख्याध्यापकांकडून शाळेच्या लेटरहेडवर इयत्तावार पत्र घ्या: कोणत्या इयत्तेत कोणता विषय मराठीतून आणि कोणता इंग्रजीतून शिकवला. हे पत्र दाखला काढतानाच मागा, नंतर परदेशातून मिळवणं जिकिरीचं होतं. ईएएल घेतल्याने कमीपणा येत नाही. फक्त काही अभ्यासक्रमांना ईएएलमध्ये थोडा वरचा स्टडी स्कोअर लागतो, तो अभ्यासक्रमाच्या पानावर बघून घ्या.

मावसभावाचा मुद्दा याहून नाजूक आहे. १८ वर्षांखालच्या मुलीची राहण्याची आणि काळजीची सोय मंजूर झाल्याशिवाय व्हिसा मिळत नाही. ही सोय आई-वडील, कायदेशीर पालक किंवा २१ वर्षांवरचा नातेवाईक यांच्यापैकी कुणी करू शकतो. या नातेवाइकाचा स्वतःचा व्हिसा पुरेशा मुदतीचा हवा आणि पोलीस पडताळणीचे कागद स्वच्छ हवेत. पण ऑस्ट्रेलियाच्या व्हिसा नियमांतली 'नातेवाईक' ही व्याख्या आपल्यापेक्षा बरीच आखूड आहे. मुलीचे आजी-आजोबा, सख्खा भाऊ-बहीण, सख्खे काका, मामा, आत्या, मावशी त्यात येतात. आईचा मावसभाऊ घरात मामाच म्हणवला जातो, पण त्या व्याख्येत तो बसत नाही. त्याचं नाव नातेवाईक म्हणून भरलं, तर अर्ज अडकणार.

यातून दोन वाटा निघतात. पहिली, मावसभावाचं घर 'होमस्टे' म्हणून शाळेकडून मंजूर करून घेणं. शाळा घर पाहते, मुलीला स्वतंत्र खोली आहे का हे बघते, आणि घरातल्या १८ वर्षांवरच्या प्रत्येकाला 'वर्किंग विथ चिल्ड्रन चेक', म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेसाठीची पार्श्वभूमी तपासणी, काढावा लागतो. शाळा समाधानी असली तर शिक्षण खातं मुलीच्या देखभालीची जबाबदारी घेतं आणि तसं पत्र देतं. सगळ्या शाळा पालकांनी सुचवलेलं घर स्वीकारतीलच असं नाही, तेव्हा हेही पहिल्या मेलमध्येच विचारा. दुसरी वाट, तुमच्यापैकी एकाने स्टुडंट गार्डियन व्हिसावर, म्हणजे उपवर्ग ५९० वर सोबत जाणं. त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. घरात एकच पगार उरतो, तो हिशेब आधी मांडा.

शाळेमार्फत अनोळखी होमस्टे घेणार असाल तर जेवणाबद्दल स्पष्ट लिहा. नुसतं 'शाकाहारी' लिहिलं तर काही घरांत मासे किंवा अंडी चालतात असं समजलं जातं. 'मांस, मासे, अंडी नाही. दूध-दही चालतं' असं लिहा. सुट्ट्यांत मुलगी तिथेच राहणार का, शाळेत ये-जा किती वेळेची, रात्री अडचण आली तर शाळेचा कोणता फोन लागतो, हेही विचारून ठेवा. मावसभाऊ टार्निट किंवा पॉइंट कुकला राहत असेल आणि शाळा ग्लेन वेव्हर्लीत निवडली, तर मुलगी शहराच्या पश्चिम टोकाहून आग्नेयेला रोज जाणार. बारावीच्या मुलीला तो प्रवास झेपत नाही. मी घरापासून पाऊण तासाच्या आतल्या शाळाच यादीत ठेवेन.

वेळ कशी जुळवायची? तिथलं वर्ष जानेवारीच्या अखेरीस सुरू होतं आणि चार सत्रांनी डिसेंबरात संपतं. दहावी अर्धवट टाकू नका. एसएससीचं प्रमाणपत्र पुढे भारतात जन्मतारखेपासून अनेक ठिकाणी लागतं. फेब्रुवारी-मार्च २०२७ मध्ये बोर्डाची परीक्षा द्यायची, जुलै २०२७ मध्ये तिथल्या दहावीच्या तिसऱ्या सत्रात बसायचं, २०२८ ला अकरावी, २०२९ ला बारावी, २०३० च्या सुरुवातीला विद्यापीठ. इथे राहिली असती तर २०२९ च्या पावसाळ्यात कॉलेजला गेली असती. म्हणजे साधारण सहा महिने जातात, आणि त्या सहा महिन्यांत ती रुळते.

मात्र पुढच्या वर्षाचे विषय जुलै-ऑगस्टच्या सुमारास निवडून होतात. मुलगी ऑक्टोबरमध्ये पोचली तर स्पेशलिस्टचा गट भरलेला असू शकतो. जुलै चुकत असेल तर विषयांचा फॉर्म इथूनच भरून घेण्याचं शाळेकडून लेखी कबूल करून घ्या. थेट अकरावीत घालण्याच्या फंदात पडू नका. बऱ्याच शाळांत हुशार मुलं दहावीतच अकरावीचा एखादा विषय उरकतात, आणि नवीन मुलगी पहिल्या दिवसापासून मागे पडते. वयाची अडचण तिला नाही. दहावी सुरू करताना १८ पूर्ण झालेले नसावेत आणि अकरावीला १९, एवढीच अट आहे.

कागदांचा क्रम: ऑफर, फी, मग नोंदणीचं प्रमाणपत्र आणि देखभालीचं पत्र, आरोग्य विमा, आणि त्यानंतर उपवर्ग ५०० चा, म्हणजे विद्यार्थी व्हिसाचा अर्ज. १ जुलै २०२५ पासून व्हिसाची फी २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. मे २०२४ पासून वर्षाच्या राहणीखर्चासाठी २९,७१० डॉलर दाखवावे लागतात, फी आणि विमानभाडं वेगळं. बँकेत ऐनवेळी आलेली मोठी रक्कम संशय निर्माण करते. शेत किंवा प्लॉट विकून पैसे उभे केले असतील तर खरेदीखताची प्रत इंग्रजी भाषांतरासह जोडा. विमानाचं तिकीट देखभालीच्या पत्रावरच्या तारखेनंतरचं काढा. त्याआधी तिला देशात प्रवेशच नाही.

शाळा पसंत पडली नाही तर लगेच बदलू, असं धरून चालू नका. शालेय अभ्यासक्रमाच्या पहिल्या सहा महिन्यांत सहज बदल मिळत नाही, आणि हजेरी ८० टक्क्यांखाली गेली तर व्हिसाच धोक्यात येतो. लग्नकार्यासाठी तीन आठवडे नाशिकला बोलावताना हे ध्यानात असू द्या.

आणखी एक, मेथड्ससाठी. तिथे 'कॅस' कॅल्क्युलेटर लागतो, जो समीकरणं अक्षरांतच सोडवतो. एका परीक्षेत तो अजिबात चालत नाही, दुसरीत तो वापरता आल्याशिवाय वेळ पुरत नाही. शाळा सांगेल तेच मॉडेल घ्या आणि जुलैच्या आधी दोन महिने तिला त्यावर हात बसवू द्या. आपल्याकडच्या मुलांचं हातचं गणित चांगलं असतं, त्यामुळे पहिल्या परीक्षेची काळजी नसते. गुण जातात ते दुसरीत.