पाण्याला आधी हात का लावायचा?

चि. सईस अनेक आशीर्वाद.

परवा पेनसिल्व्हेनियातल्या रिकेट्स ग्लेन पार्कला, दोन ओढे एकत्र येतात तिथे, मी वाकून पाण्यात बोटं बुडवली आणि डोळ्यांना लावली. तू लगेच विचारलंस, "आई, हे देवळात करतात ना? इथे कुठे देव आहे? आणि बाकी कुणीच करत नव्हतं." वाट अरुंद होती, मागून माणसं उतरत होती, म्हणून मी "नंतर सांगते" म्हटलं आणि गाडीत बसल्या बसल्या तू झोपून गेलीस. म्हणून लिहून देते आहे. कुठे अडलीस तर बाबांना जवळ बसवून घे.

सरळ उत्तर असं की मला ही सवय माझ्या आईनं लावली. वाईत आजोळच्या घाटावर गेलो की पाण्यात पाय टाकण्याआधी हात लावायचा, तो डोळ्यांना लावायचा आणि मग खुशाल डुंबायचं. पाय आधी लावायचा नाही. तुझा पाय पुस्तकाला लागला की तू आपोआप नमस्कार करतेस, तसंच हे. आजी इथे राहायला आली होती तेव्हा पहाटे पलंगावरून उतरण्याआधी जमिनीला हात लावून काहीतरी पुटपुटायची, आठवतं? त्या श्लोकाचा शेवट आहे "पादस्पर्शं क्षमस्व मे", म्हणजे माझा पाय तुला लागतो आहे, क्षमा कर. जिच्या अंगावर आपण उभे राहणार तिची आधी परवानगी मागायची. पाण्याशीही तसंच वागायचं.

वाईच्या लोकांना कृष्णा ही नुसती नदी वाटत नाही. ते तिला कृष्णाबाई म्हणतात. थंडी सरता सरता तिथे सात घाटांवर, एकेका आळीचा, कृष्णाबाईचा उत्सव होतो. मांडवात देवी बसते, कीर्तनं होतात, जेवणावळी उठतात, बायका ओटी भरतात. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी बोललेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला असं वाईत सांगतात. मी तुझ्याएवढी असताना मला त्यातलं फक्त जेवण आणि घाटाच्या पायऱ्यांवरची धावाधाव कळायची. पण नदी ही घरातली थोरली बाई आहे, तिच्याशी आदरानं वागायचं, हे मात्र कुणी न शिकवता अंगात भिनलं.

आणि मी नेमकी तिथेच का थांबले, तर तो संगम होता. गनोगा ग्लेन या दरीतून आपण उतरलो तो एक ओढा आणि ज्याच्या कडेनं वर चढलो तो ग्लेन ली मधला दुसरा. त्या जागेला तिथले लोक वॉटर्स मीट म्हणतात. आपल्याकडे दोन पाणी मिळतात तिथे माणसं थांबतातच. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि मग एकत्र पूर्वेला वळतात. त्याला प्रीतिसंगम म्हणतात, यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे. साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णा-वेण्णेचा संगम आहे. पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात हेमलॉकच्या झाडांच्या गर्द सावलीत तो किचन क्रीक ओढ्याच्या दोन फाट्यांचा संगम बघितला आणि माझा हात आपसूक पाण्याकडे गेला. पाणी इतकं गार होतं की बोटं बधिर झाली, तरी फार बरं वाटलं.

"बाकी कुणीच करत नव्हतं" हे तू बरोबर पाहिलंस. पण तू प्रत्येक धबधब्याची पाटी मोठ्यानं वाचत होतीस ना? मोहॉक, ओनायडा, कायुगा, सेनेका, टस्करोरा, आणि चढून वर आल्यावर ओनोन्डागा. ती सहाच्या सहा नावं इथल्या मूळ रहिवाशांच्या हौडेनोसौनी संघातल्या सहा राष्ट्रांची, म्हणजे जमातींची, आहेत. कर्नल रिकेट्स या जमीनमालकानं एकोणिसाव्या शतकात ती धबधब्यांना दिली. ते लोक आजही आहेत, न्यूयॉर्क राज्यात आणि कॅनडातही. त्यांच्यात कुठलीही सभा सुरू होण्याआधी एक आभाराचं निवेदन म्हणतात. त्यात माणसांचे, धरणीमातेचे, पाण्याचे, माशांचे, झाडांचे, सूर्याचे, चंद्राचे एकेक करून आभार मानतात. म्हणजे ज्यांची नावं त्या पाट्यांवर आहेत, ती माणसं पाण्याला मान देणारीच आहेत. मला हे कळलं तेव्हा इथल्या डोंगरात एकदम ओळखीचं वाटलं, म्हणून तुलाही सांगते.

आता साती आसरांबद्दल. त्या तुला अजून भेटलेल्या नाहीत. महाराष्ट्रात गावोगावी विहिरीच्या काठी, नदीच्या डोहाशी शेंदूर लावलेले सात दगड ओळीनं मांडलेले दिसतात. त्या साती आसरा, पाण्यातल्या सात देवता. त्यांना हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, खण वाहतात. आणि पोरांना बजावून सांगतात, "तिथे उगाच पाण्यात उतरू नकोस, आसरा ओढतात." लहानपणी मला त्याची फार भीती वाटायची. मोठेपणी लक्षात आलं की ते सात दगड बहुतेक वेळा अशाच जागी असतात जिथे पाणी खोल आहे, भोवरा आहे किंवा खडक निसरडा आहे. कुणीतरी कधीतरी तिथे बुडालं असेल, म्हणून गावानं खूण करून ठेवली. गनोगा फॉल्स 94 फुटांचा. तिथे दादाला पाटीच्या पलीकडे ओल्या खडकावर जायचं होतं आणि मी ओरडले. तू म्हणालीस, आई उगाच घाबरते. उगाच नाही, राणी. 2024 च्या जूनमध्ये लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. हसत-खेळत सहलीला आलेली माणसं होती. वर डोंगरात पाऊस झाला की खालचं पाणी बघता बघता चढतं. पार्कच्या पाट्या आणि आपल्या आसरा एकच गोष्ट सांगतात, आणि मी दोन्हींचं ऐकते.

तू हेही विचारलंस की मग आपण फुलं आणि कुंकू का नाही नेलं. इथे नाही न्यायचं, आणि ते मुद्दाम. किचन क्रीकचं पाणी पुढे हंटिंग्टन क्रीकला, तिथून फिशिंग क्रीकला आणि मग सस्क्वेहॅनाला मिळतं. ती नदी खाली कितीतरी गावांना पाणी पाजते. आपल्याकडे नदीत निर्माल्य, पिशव्या, नारळ टाकून टाकून नद्यांची काय दशा झाली ती मी पंचगंगेच्या काठी बघितली आहे. ओटी भरायची म्हणून तिच्या तोंडात प्लास्टिक कोंबायचं, हे मला कधीच पटलं नाही. हात लावला, नमस्कार केला, आपल्या डब्यातल्या दशम्यांचा कागद आणि संत्र्याची सालं परत पिशवीत भरून आणली, तेवढं पुरे. सालंसुद्धा, कारण ती त्या जंगलातली नाहीत.

राहता राहिलं एकच. तू हळूच म्हणालीस, "मला देव आहे की नाही ते नक्की माहीत नाही, मग मी केलं तर ते खोटं होईल का?" नाही होणार. तुला करावंसं वाटलं तर कर, नाही वाटलं तर नको करूस, मी कधी सक्ती करणार नाही. माझंही सगळं ठरलेलं नाही. पाण्यात पाय टाकण्याआधी क्षणभर थांबायला देव नक्की माहीत असावा लागत नाही.

रविवारी आजीला फोन करू तेव्हा तिच्या माहेरच्या मळ्यातल्या विहिरीवरच्या आसरांची गोष्ट विचार. ती माझ्यापेक्षा कितीतरी छान सांगते, आणि तुझ्या तोंडून प्रश्न ऐकून तिला फार आनंद होईल. आणि हो, पुढच्या उन्हाळ्यात त्याच पार्कातल्या लेक जीन तळ्यावर पोहायचे कपडे घेऊन जाऊ. तिथे पोहायला परवानगी आहे.

तुझी,
आई