भागधारक, हितधारक आणि मसलत

सांगलीच्या एका वाचकांना शेतीपंपांच्या वीजबचतीच्या शासकीय कार्यक्रमाचा अहवाल मराठीत लिहायचा आहे. ‘स्टेकहोल्डर एंगेजमेंट’ला, म्हणजे कामात ज्यांचे हित गुंतले आहे त्यांना सहभागी करून घेण्याला, ‘भागधारक प्रतिबद्धता’ म्हणावे का आणि ‘एनर्जी एफिशियन्सी’ला ‘ऊर्जा दक्षता’ चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

पहिल्याचे उत्तर एका शब्दात: नको. ज्याच्या नावावर शेअर आहे तो भागधारक, आणि सहकारी साखर कारखान्यांच्या या मुलखात हा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरीही हा शब्द परिपत्रकांतून आणि फलकांवरून माझ्या पाठीच लागला आहे. पलूस तालुक्यातल्या एका गावी चावडीवर ‘भागधारकांची बैठक’ असा कागद डकवलेला होता. एक आजोबा दारातच थबकले आणि म्हणाले, “कारखान्याचा शेअर थोरल्याच्या नावावर हाय, मी बसलो तर चालंल न्हवं?” ज्यांच्या विहिरीवरचा पाच हॉर्सपॉवरचा पंप बदलण्यासाठी ती बैठक भरली होती, तेच हे आजोबा. ‘प्रतिबद्धता’विषयी मी लिहितच नाही, त्यापेक्षा ‘साखरपुडा’ लिहिलेले काय वाईट?

‘हितधारक’ हा हिंदीतून आलेला पर्याय अनेक मान्यवर सुचवतात. त्यांच्याविषयी आदर बाळगूनही मला तो मान्य नाही. मराठीत ‘धारक’ म्हटले की हातात काहीतरी कागद लागतो, जसा परवानाधारकाच्या किंवा शिधापत्रिकाधारकाच्या हातात असतो. हित असे हातात धरून रांगेत उभे राहता येत नाही. शिवाय मूळ इंग्रजी शब्दाचा प्रवासच उलटा आहे. अठराव्या शतकात पैज लावणाऱ्या दोघांचे पैसे सांभाळणारा जो तिऱ्हाईत, ज्याचे स्वतःचे काहीच पणाला लागलेले नसते, तो ‘स्टेकहोल्डर’ होता. 1963 साली स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील एका टिपणात तो आजच्या व्यवस्थापकीय अर्थाने आला. अशा शब्दाचे अवयव सुटे करून भाषांतर करणाऱ्यांना काय म्हणावे?

वास्तविक हवा तो शब्द आपल्या घरात केव्हाचा पडून आहे, आणि तो म्हणजे ‘मसलत’. ‘सल्लामसलत’ या जोडशब्दात ‘केरकचरा’सारखी नुसती द्विरुक्ती आहे असे पुष्कळांना वाटते, परंतु ही दोन सख्खी भावंडे आहेत. अरबीतील स-ल-ह या एकाच धातूपासून ‘सलाह’ आणि ‘मस्लहत’ हे दोन्ही शब्द निघाले. नीट असणे, योग्य असणे हा त्या धातूचा अर्थ असून तह या अर्थाचा ‘सुलह’ आणि दुरुस्ती या अर्थाचा ‘इस्लाह’ हेही त्याच कुळातले आहेत. आता खरी गंमत अशी, की अरबीत ‘मस्लहत’ म्हणजे चर्चा नव्हे, तर हित! आजच्या अरबीत स्टेकहोल्डरांना ‘अस्हाब-अल-मस्लहा’, म्हणजे अक्षरशः मसलतवाले, असेच म्हणतात. फारसीच्या वाटेने शब्द मराठीत आला तेव्हा हिताचा विचार, मग खलबत आणि मराठेशाहीच्या कागदपत्रांत तर थेट मोहीम, असा त्याचा अर्थ सरकत गेला. ज्याचे हित त्याच्याशी विचारविनिमय, हे दोन्ही अर्थ एका शब्दात सामावले असताना आपण प्रतिबद्धता कुठे शोधत बसलो आहोत? मसलत परकी आहे म्हणून नाक मुरडणाऱ्या शुद्धिवाद्यांनी आधी ‘वकील’, ‘जमीन’ आणि ‘हवा’ टाकून दाखवावे.

हितसंबंधी, म्हणजे स्टेकहोल्डर, कोण हे ठरवतानाही हा शब्द उपयोगी पडतो. राज्यात एप्रिल 2024 पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. त्यामुळे वीजबचतीचे तारे मिळालेल्या पंपाने वाचलेल्या युनिटांत त्या आजोबांचे हित शून्य आहे. त्यांचे हित मोटर न जळण्यात आणि पाळीचे पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोचण्यात आहे. जळालेली मोटर पुन्हा गुंडाळून देणारा मिस्त्री तर कोणाच्याच यादीत नसतो. वास्तविक वाईट रिवाइंडिंगने मोटरची कार्यक्षमता घटते, आणि चांगल्या पंपांनी त्याचा धंदाही घटतो. मसलतीला त्याला आधी बोलवावे. अहवालात ‘हितसंबंधीयांशी सल्लामसलत’ असे लिहावे.

‘दक्षता’ राहिलीच. 1 मार्च 2002 रोजी स्थापन झालेल्या ‘ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी’ या केंद्रीय संस्थेच्या हिंदी नावात ‘ऊर्जा दक्षता’ आहे आणि हिंदीत ते बरोबर आहे. मराठीत मात्र दक्षता म्हणजे सावधगिरी, आणि वीज कंपनीच्या संदर्भात दक्षता म्हटले की वीजचोरी पकडणारे पथकच आठवते. तेव्हा ‘ऊर्जा कार्यक्षमता’ लिहावे. गावात ‘ऊर्जा दक्षता कार्यक्रम’ असा फलक लावाल, तर बैठकीला यायच्या आधी निम्मे लोक तारेवरचे आकडे काढायला शिवारात गेलेले असतील.